देणगीचं वर्ष बारा महिन्यांचं, सुरुंगाचं नाही

मागच्या अंकात मी कंबोडियाच्या वायव्येकडच्या, बट्टम्बांग प्रांतातल्या सुरुंगग्रस्त गावांबद्दल लिहिलं होतं. सोळा वर्षं मी सुरुंग काढणाऱ्या एका संस्थेत देणगीदारांसाठी प्रस्ताव, अहवाल आणि हिशोब लिहिण्याचं काम केलं, आधी कंबोडियात आणि नंतर लाओसमध्ये. त्यामुळे असेल, पण आलेल्या पत्रांत पैशाविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त होते. त्यांतले सहा इथे घेतले आहेत.

एक सुरुंग बनवायला तीन डॉलर लागतात आणि काढायला हजार, असं वाचनात आलं. मी आयुष्यभर लोकांचे हिशोब तपासले. मधला पैसा जातो कुठे?
— एक निवृत्त लेखापाल

बनवायला ३ ते ३० डॉलर आणि काढायला ३०० ते १,००० डॉलर, हा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या हवाल्याने कितीतरी वर्षं फिरतो आहे. मी तो अहवालांत वापरणं बंद केलं होतं. कारण खर्च सुरुंगावर होत नाही. तो होतो सुरुंग नसलेल्या मातीवर.

डीमायनर, म्हणजे सुरुंग काढणारा माणूस, सकाळी मीटरभर रुंदीच्या पट्टीसमोर गुडघे टेकून बसतो. तोंडावर जाड काच, अंगावर चिलखती एप्रन. आधी गवत-झुडूप कापायचं, तेही तारेचा सापळा नाही ना हे बघत बघत. मग धातू हुडकणारा डिटेक्टर फिरवायचा. तो वाजला की तिथे खूण करायची आणि बाजूने, तिरकस, हळूहळू माती काढत त्या वस्तूपर्यंत पोचायचं. वरून कधीच खणायचं नाही, कारण दाब पडला की फुटायचं हेच सुरुंगाचं काम. आणि एवढं करून बहुतेक वेळा निघतं काय? खिळा. काडतुसाची पुंगळी. खाऊन टाकलेल्या डब्याचं झाकण. सैनिक जिथे लढले तिथेच जेवलेही होते. त्या प्रत्येक झाकणापर्यंत तो माणूस ते सुरुंगच आहे असं समजून पोचलेला असतो. दिवसाअखेर त्याच्या नावावर काही चौरस मीटर लागतात आणि सुरुंग बहुधा शून्य. तुमचा मधला पैसा त्या शून्यात आहे, आणि तो वाया गेलेला नाही.

कागदावर बघाल तर सगळ्यात मोठी रक्कम पगारांची, आणि ही माणसं बहुतांशी त्याच भागातली असतात. मग गाड्या, इंधन, विमा, डिटेक्टर, प्रशिक्षण. साफ झालेल्या जमिनीचा नमुना पुन्हा तपासणारी वेगळी माणसं. आणि प्रत्येक तुकडीमागे एक वैद्यकीय सहाय्यक व एक रुग्णवाहिका. रुग्णवाहिका कुणाला घेऊन निघाली तर ती परत येईपर्यंत सगळी तुकडी पट्टीच्या बाहेर बसून राहते, असा नियम आहे. एका देणगीदाराच्या हिशोबनीसाने मला एकदा विचारलं होतं, ‘वर्षभरात रुग्णवाहिकेने एकही जखमी नेला नाही, मग हा खर्च निम्मा करता येईल का?’ मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं. ती उभी आहे म्हणून माणसं पट्टीत उतरतात. तिने एकही फेरी केली नाही, ही या वर्षाची सर्वांत चांगली बातमी आहे. खर्च कायम राहिला.

हे पैसे नेमकं कोण देतं? आणि का देतं?
— दोन वाचकांचा सारखाच प्रश्न

‘का’ पासून सुरू करते. ३ डिसेंबर १९९७ रोजी कॅनडात ओटावा इथे व्यक्तिविरोधी सुरुंगांवरच्या बंदीचा करार सह्यांसाठी खुला झाला आणि १ मार्च १९९९ पासून तो लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे सदस्य देशाने आपली जमीन दहा वर्षांत साफ करायची असते. जमलं नाही तर कारणं देऊन मुदत वाढवून मागायची. सहावं कलम सांगतं की ज्यांना शक्य आहे त्या सदस्यांनी इतरांना मदत द्यावी. म्हणजे ही मदत नुसती दानधर्मातली नाही, करारातल्या कर्तव्याची आहे. पण ‘ज्यांना शक्य आहे’ हे शब्द किती सैल आहेत, ते प्रस्ताव लिहायला बसलं की कळतं.

आणि आजवरचा सगळ्यात मोठा देणगीदार तर कराराबाहेरचा आहे. अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान यांपैकी कुणीच सदस्य नाही. तरीही १९९३ पासून अमेरिकेने सुरुंग आणि इतर युद्धसामग्री नष्ट करण्याच्या कामाला शंभराहून जास्त देशांत मिळून ५ अब्ज डॉलरपेक्षा जास्त दिले आहेत. तिच्यामागे युरोपीय संघ, जर्मनी, जपान, नॉर्वे, ब्रिटन ही नावं दरवर्षी पुढेमागे होत राहतात. काही पैसा संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ साली सुरू झालेल्या ऐच्छिक निधीतून येतो, काही सरकारकडून सरकारकडे जातो, आणि बराचसा थेट संस्थांना मिळतो. भारतानेही या कामाला पैसा दिला आहे. श्रीलंकेच्या उत्तर भागात ‘सर्वत्र’ आणि ‘होरायझन’ या भारतीय माजी सैनिकांच्या संस्थांनी सुरुंग काढले, ते भारत सरकारच्या पैशातून.

लाओसमध्ये हा ‘का’ मला वेगळाच वाटायचा. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने त्या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांत क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेल्या सुमारे २७ कोटी लहान बॉम्बगोळ्या होत्या आणि त्यांतल्या साधारण ३० टक्के फुटल्याच नाहीत असा अंदाज आहे. तिथले लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. चेंडूएवढी असते ती. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा लाओसच्या राजधानीत, व्हिएन्टिएनला आले आणि तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर जाहीर केले. त्या दिवशी आमच्या कार्यालयात सगळे रेडिओभोवती उभे होते. एका वयस्क लाओ सहकाऱ्याने एवढंच विचारलं, ‘तीन वर्षांनंतर?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजच्या या सगळ्या उत्तरांत मी त्याच्याच प्रश्नाभोवती फिरते आहे.

मी एका सामाजिक संस्थेत काम करतो. आमच्याकडे देणगीदार ‘किती लाभार्थी’ विचारतात. तुमच्याकडे ‘किती चौरस मीटर’ विचारत असणार. त्याने काम बिघडतं का?

बिघडतं. मी स्वतः ते बिघडवलं आहे, म्हणून खात्रीने सांगते.

माझ्या दुसऱ्याच वर्षी आमच्या संस्थेने ठरल्यापेक्षा जास्त जमीन साफ केली आणि मी तो आकडा अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिला. देणगीदार खूश झाले. काही महिन्यांनी जुन्या नोंदी चाळताना माझ्या लक्षात आलं की त्यातल्या दोन मोठ्या तुकड्यांत एकही सुरुंग सापडला नव्हता. ती सपाट, मोकळी जमीन होती आणि तिथे काम भराभर होत होतं. सीमेजवळची टेकडी मात्र, जिथे आदल्या वर्षी एका शेतकऱ्याचा पाय गेला होता, ती तशीच होती. तिथे दगड, बांबू, लोखंडाचे तुकडे; दिवसाला चार-पाच चौरस मीटरही मुश्किलीने व्हायचे. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. आम्ही जो आकडा मागितला जात होता त्याच्याकडे चालत गेलो, इतकंच.

याला उपाय आहे आणि तो महागही नाही. आधी माणसांशी बोलायचं. कोण इथे सैनिक होता, कुठल्या वर्षी तळ होता, गुरं कुठे मेली, गेली दहा वर्षं कोण कुठली जमीन नांगरतो आहे. या सर्वेक्षणातून जी जमीन संशयित नाही असं पुराव्यानिशी ठरतं ती नकाशावरून काढून टाकायची. उरलेल्या भागात मोजक्या पट्ट्या घालून सुरुंगांची रांग शोधायची आणि मग फक्त तिथे पूर्ण सफाई. युक्रेनमध्ये सुरुवातीला १,७४,००० चौरस किलोमीटर क्षेत्र धोक्याचं असू शकतं असं सरकारने सांगितलं होतं. नंतर सर्वेक्षण होत गेलं तसा तो आकडा बराच खाली आला, आणि त्यातली पुष्कळशी जमीन एकही डिटेक्टर न लावता मोकळी झाली. पण सर्वेक्षणाच्या तीन महिन्यांत ‘साफ केलेले चौरस मीटर’ या रकान्यात शून्य दिसतं. ते शून्य सोसणारा देणगीदार मिळणं हे नशीब. मला असे दोन मिळाले. दोघांनीही आधी गावात येऊन दोन दिवस काढले होते.

तुम्ही तुमच्या देणगीदाराला एक विचारा: आकडा कमी आला आणि काम योग्य झालं, तर पुढच्या वर्षी तुम्ही राहाल का? मी हे विचारायला फार उशीर केला.

मी प्राथमिक शिक्षिका आहे. सुरुंगांविषयी शाळांतून शिक्षण देतात असं तुम्ही लिहिलंत. भित्तिपत्रकं आणि गाणी यांवर परदेशी पैसा खर्च करण्यापेक्षा तोच सफाईला द्यावा असं मला वाटलं. माझं चुकतं आहे का?

ताई, तुमची शंका मला फार जवळची आहे. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. अशा शिक्षणाला, म्हणजे आमच्या भाषेत धोका-शिक्षणाला, एकूण पैशातला अगदी लहान वाटा मिळतो, आणि कात्री लागली की ती आधी तिथे लागते, कारण ते ‘मऊ’ काम समजलं जातं. मत बदललं ते एका वर्गात बसून.

बट्टम्बांगमधली शाळा. आमच्या पथकात एक ख्मेर, म्हणजे तिथल्याच, बाई होत्या, पूर्वाश्रमीच्या शिक्षिका. त्यांनी चित्रं दाखवली, मुलांनी एका सुरात तीन वाक्यं म्हटली: जवळ जाऊ नका, हात लावू नका, मोठ्यांना सांगा. सगळी पोरं पास. मी वहीत मुलांची संख्या लिहिली आणि उठणार तेवढ्यात बाईंनी विचारलं, ‘कवटीच्या लाल पाटीच्या पलीकडे गाय गेली तर?’ आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा लगेच म्हणाला, ‘आणायची.’ बाकीच्यांनी माना हलवल्या. गाय न घेता घरी कसं जाणार?

त्या मुलाला माहिती कमी नव्हती. त्याच्याकडे दुसरा पर्याय नव्हता. पुढच्या आठवड्यात बाईंनी सभा घेतली ती वडिलांची आणि गुराखी पोरांची, शाळेत नव्हे तर विहिरीजवळ. दोन तास बोलून गावाने चरायची एक वाट ठरवली. आमच्या माणसांनी ती तपासली, खुणा लावल्या, आणि पाटीजवळच्या बाजूला काटेरी कुंपण घातलं. खर्च म्हणाल तर एका डिटेक्टरच्या किमतीच्या पासंगालाही पुरणार नाही इतका. अहवालात मात्र शाळेचे २४० ‘पोचलेले लोक’ झाले आणि विहिरीजवळचे ११. देणगीदाराने विचारलं, ‘या तिमाहीत संख्या का घसरली?’

खरं धोका-शिक्षण म्हणजे कोण, कशासाठी, कुठल्या वेळी धोक्यात पाऊल टाकतो हे शोधून त्याच्याशी बोलणं. लाओसमध्ये भंगाराचा भाव वाढला की अपघातांची भीती वाढायची, कारण लोक लोखंडासाठी खणायला जायचे. तिथे ‘खणू नका’ सांगून भागत नव्हतं. भंगार घेणाऱ्या दुकानदारांशी बोलावं लागलं. शेतात थेट जमिनीवर शेकोटी पेटवली तर खाली गाडली गेलेली बॉम्बी उष्णतेने फुटते. मग चूल कुठे मांडायची हे घरातल्या बायकांबरोबर ठरवावं लागलं. कंबोडियात काही वर्षांत बरेच जीव ट्रॅक्टरखाली रणगाडाविरोधी सुरुंग फुटून गेले. त्या चालकांना शाळेतलं गाणं कसं पोचणार?

२०१९ च्या ओस्लो कृती आराखड्यात सुरुंगबंदी कराराच्या सदस्य देशांनी धोका-शिक्षणाला स्वतंत्र भाग दिला. मला ते फार मोलाचं वाटलं. २०२३ मध्ये सुरुंग आणि युद्धातल्या इतर स्फोटक अवशेषांनी जगभर किमान ५,७५७ माणसं मेली किंवा जखमी झाली. ज्यांची माहिती नोंदली गेली त्यांत नागरिकांचं प्रमाण ८४ टक्के होतं, आणि वय नोंदलेल्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुलं. सफाईची तुकडी ज्या गावात पाच वर्षांनी पोचणार आहे, तिथली पाच वर्षं या शिक्षणावरच जायची असतात. पण सफाईच्या ऐवजी म्हणून ते दिलं तर ती फसवणूक होईल. गाय पलीकडे जातच राहणार.

२०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा या कामाचं काय झालं?
— एक विद्यार्थी

२० जानेवारी २०२५ रोजी परदेशी मदत ९० दिवस थांबवण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांत सुरुंग काढणाऱ्या संस्थांना काम बंद करण्याच्या सूचना मिळाल्या. कंबोडिया, लाओससह अनेक देशांतल्या तुकड्या थांबल्या. काही कामांना नंतर सवलत मिळून ती पुन्हा सुरू झाली. मी तोपर्यंत हे काम सोडलं होतं, त्यामुळे आतलं सांगण्याचा अधिकार मला नाही. पण पैसा थांबतो म्हणजे काय होतं हे मी बघितलं आहे, त्याच्या कितीतरी आधी आणि कितीतरी लहान प्रमाणावर.

एका देणगीदाराचं अनुदान डिसेंबरअखेर संपत होतं. नवं मंजूर झालं होतं, फक्त त्यांच्याकडची एक सही राहिली होती. ती आली फेब्रुवारीच्या मध्यावर. मधल्या सहा आठवड्यांचा पगार द्यायला आमच्याकडे पैसा नव्हता. पस्तीस माणसांना मी स्वतः पत्रं वाटली. पट्ट्या अर्धवट होत्या. त्यांच्या टोकाला खुणेच्या काठ्या रोवून, सगळं नकाशावर उतरवून आम्ही निघालो. कसाव्याच्या लागवडीचे दिवस येत होते. त्या शेताची मालकीण रोज येऊन काठ्यांच्या बाहेर उभी राहायची, असं गावप्रमुखाने नंतर सांगितलं. सही आली तेव्हा पस्तिसातले सव्वीस परतले. बाकीचे सीमेपलीकडे थायलंडमध्ये बांधकामावर गेले होते. त्यांत आमची सगळ्यात अनुभवी डिटेक्टर चालवणारी बाई होती. नव्या नऊ जणांना शिकवून, परीक्षा घेऊन पट्टीत उतरवायला एप्रिल उजाडला, आणि पुढे पाऊस. म्हणजे सहा आठवड्यांच्या खंडाने त्या शेताचा एक हंगाम घेतला.

म्हणून एकूण रक्कम किती, यापेक्षा मी आधी विचारते की ती किती वर्षांसाठी आहे. २०२३ मध्ये या कामाला जगभरातून मिळालेली एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या वर गेली होती, आणि त्यातले ३० कोटींहून जास्त एकट्या युक्रेनला मिळाले. युक्रेनची गरज प्रचंड आहे, त्यात वाद नाही. पण बातम्यांतून गेलेल्या युद्धांचे सुरुंग जमिनीतून जात नाहीत. आणि २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी करारातूनच बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. रशियाची भीती मी समजू शकते. तरी ती बातमी वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते, कारण त्यांतल्या काहींच्या पैशाने लावलेल्या पाट्या मी पाहिल्या आहेत.

बरं वाटावं असंही घडतं आहे. अंगोलाने २०१९ मध्ये आपल्या तिजोरीतून ६ कोटी डॉलर दोन राष्ट्रीय उद्यानांतले सुरुंग काढायला द्यायचं जाहीर केलं. युक्रेन सरकारने शेतजमीन साफ करण्याच्या खर्चाचा ८० टक्के भाग शेतकऱ्यांना देण्याची योजना आणली. आणि युक्रेनचे डीमायनर प्रशिक्षणासाठी कुठे गेले, तर कंबोडियात. जपानच्या मदतीने. तिथल्या माणसांनी तीस वर्षांत जे शिकलं ते आता त्यांना दुसऱ्याला देता येतं आहे.

हे काम कधी संपतं का? का नुसता पैसा ओतत राहायचं? रागावू नका, मनात आलं ते विचारलं.

रागवण्यासारखं काही नाही. कंबोडियात १९९६ या एका वर्षात ४,३२० जण सुरुंग-बॉम्बांनी मेले किंवा जखमी झाले होते. अलीकडच्या वर्षांत ती संख्या शंभराच्या आत असते. एवढा फरक पडलेला मी दुसऱ्या फारशा कामांत पाहिला नाही.

आणि संपतंही. मोझांबिकमध्ये १९९३ च्या सुमाराला सफाई सुरू झाली तेव्हा तिथे शतकभराचं काम आहे असं म्हणणारे होते. अनेक देशांनी वीस-बावीस वर्षं, मधे न सोडता, पैसा दिला. एकट्या हेलो ट्रस्ट या संस्थेने तिथले जवळपास १,७१,००० सुरुंग काढले. १७ सप्टेंबर २०१५ रोजी देश सुरुंगमुक्त झाल्याचं जाहीर झालं. ज्ञात सुरुंगांपैकी शेवटचा होता देशाच्या मध्यभागातल्या एका रेल्वे पुलाच्या पायाशी.